कार्बोरेटरखालची चकती

मी संशयी माणूस आहे. हॉटेलात चहा आला की आधी बशी उचलून खालून बघणार, एसटीत बसलो की तिकीट दोनदा वाचणार. बायको म्हणते हा स्वभाव जन्माचा आहे. पण तो मला कधी जडला ते मला पक्कं ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात, पेट्रोल एकाएकी महाग झालं त्या दिवसांत, मी परभणीत एका वकीलसाहेबांची जीप चालवत होतो. तिथं मी तो उचलला.

जीप लष्कराच्या लिलावातली होती. तिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असायची. पेट्रोल भरायचं म्हणजे आपण खाली उतरायचं, सीट उचलायची आणि मग टाकीचं झाकण उघडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड त्या सीटखालीच झाली.

साहेब आठवड्यातून दोन-तीनदा जिंतूरच्या कोर्टात जायचे. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला कपडे करायचा, आजारपणात विचारपूस करायचा. पण वकिली करून करून त्यांचा एक नेम झाला होता. कागदावर लिहिलेलं खरं, तोंडानं सांगितलेलं खोटं. कागद छापील असला तर बोलायलाच नको.

एक दिवस कोर्टाच्या आवारात टेरिलिनचा बुशशर्ट घातलेला एक विक्रेता आला. त्यानं पेटीतून हातभर काचेची नळी काढली. नळीत पत्र्याची एक चकती बसवलेली, तिला पंख्यासारखी बारीक पाती. विडीचा झुरका घेऊन त्यानं नळीत धूर सोडला. चकतीपाशी येताच धूर गरगर फिरला. "असंच तुमचं पेट्रोल हवेत घोळून निघतं साहेब," तो म्हणाला, "थेंब न् थेंब जळतो. इंजिनाची ताकद वाढते, पेट्रोल वाचतं." मला तो माणूस पहिल्या नजरेतच आवडला नाही. बोलताना तो गाडीकडे बघतच नव्हता, फक्त साहेबांच्या खिशाकडे बघत होता. साहेब मात्र त्यानं दिलेला गुलाबी कागद वाचत होते. कागदावर ठळक छापलं होतं की पेट्रोलचा चौथा हिस्सा हमखास वाचेल. वस्तू तशी स्वस्त होती. साहेबांनी घेऊन टाकली.

बसवायला आम्ही नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री दखनी बोलायचा आणि ग्राहकाचं मन राखायची त्याला अजिबात सवय नव्हती. त्यानं चकती बोटांत धरून उजेडाकडे करून बघितली. "लगाने को लगातूं साब," तो म्हणाला, "पन इससे कुच नै होता. नक्को."

साहेबांनी त्याच्यापुढे गुलाबी कागद धरला. मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. त्यानं निमूटपणे कार्बोरेटर खोलला, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फटीत बसणारं गॅस्केट केलं, मध्ये चकती बसवली आणि वर कार्बोरेटर आवळला. अर्ध्या तासाचं काम. गाडी सुरू केली तेव्हा साहेब कान देऊन म्हणाले, "फरक हाय रे, लय फरक हाय." मला काही फरक कळला नाही. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बांबूची एक सरळ कामटी आणली. तिच्यावर चाकूनं खाचा पाडल्या. जिंतूरला निघायच्या आधी आणि परत आल्यावर मला खाली उतरवून ते स्वतः सीट उचलायचे, कामटी टाकीत बुडवायचे आणि ओल कुठपर्यंत आली ते बघायचे. आठ दिवस झाले, पंधरा झाले. कामटी एकच सांगत होती. पेट्रोल पहिल्याइतकंच जळत होतं.

मला वाटलं, आता साहेब त्या विक्रेत्याला शिव्या देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. कामटी रुमालानं पुसत ते म्हणाले, "चौथा हिस्सा वाचायला पायजे. म्हंजी तो वाचलेला हाय. मग त्यो कुटं जायलाय?"

मी म्हणालो, "साहेब, चकतीनं काई वाचलंच नसंल तर?"

"तुज्यावर शक न्हाई माजा," साहेब म्हणाले, "मी आपलं इचारतोय."

ज्याच्यावर शक नसतो त्याला कुणी तसं सांगत बसत नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांनी लोहाराकडून सीटला कडी-कोयंडा करून घेतला आणि त्याला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या जानव्याला. मी त्या कुलपावर बसून गाडी चालवायचो. खड्डा आला की खाली ते खडखडायचं. काय सांगू, मला ते सगळ्या रस्त्याला ऐकू जातंय असं वाटायचं.

आमची वस्ती बौद्धांची. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. दर रविवारी विहारात आम्ही पंचशील म्हणायचो, आजही म्हणतो. न दिलेली वस्तू घेणार नाही, खोटं बोलणार नाही. त्या रविवारी न दिलेल्या वस्तूचं वाक्य म्हणताना माझा आवाज शेजारच्यापेक्षा मोठा निघाला. दोघांनी वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोटापेक्षा मला नावाची भीती जास्त होती. परभणीत तेव्हा खाजगी गाड्या मोजक्याच. एका मालकानं ड्रायव्हरच्या हाताला खोट आहे म्हटलं की दुसरा दारात उभा करायचा नाही. मी ठरवलं की चकती पेट्रोल वाचवत नसेल तर मी वाचवीन. कामटीला जे बघायचंय ते मी दाखवीन.

चाकांत हवा ठासून भरली. गाडी कधीही जोरात पळवायची नाही, ब्रेक मारावा लागेल असं चालवायचंच नाही. रेल्वे फाटक बंद दिसलं की लांबूनच इंजिन बंद करायचं. आणि जिंतूरजवळच्या उतारांवर गाडी न्यूट्रलला टाकून चावी फिरवायची, नुसत्या वजनावर खाली सोडायची. ही गोष्ट मला करायला नको होती. ज्या माणसानं मला गाडी शिकवली त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उतारावर इंजन बंद करायचं न्हाई. गाडी आपल्या हातात ऱ्हात न्हाई."

परतीच्या वाटेवर साहेब डुलक्या घ्यायचे, म्हणून जमायचं. एकदा मध्येच त्यांना जाग आली. गाडी उतारावरून वाऱ्यासारखी चाललेली आणि इंजिनाचा आवाजच नाही. दचकून म्हणाले, "बंद पडली का रे?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो, "चकती बसवल्यापासून आवाज लय कमी झालाय."

तोंडातून गेलं आणि गेलंच. साहेब हसले. उतार संपता संपता मी गुपचूप गिअर टाकून गाडी पुन्हा सुरू केली. त्या दिवशी कामटीवर दोन खाचा जास्त ओल्या होत्या. महिन्याभरात चौथा हिस्सा वाचायला लागला. साहेबांनी कुलूप काढलं. "चकतीला बसायला जरा टाइम लागतो," एवढंच म्हणाले. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मला राग आला आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

गोष्ट इथं संपली असती. पण साहेबांना चकतीचं कौतुक आवरेना. कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये, लग्नाच्या मांडवात, जिथं तिथं तेच. आवाजसुद्धा येत नाही म्हणायचे. त्यांच्या शब्दावर गावातल्या एका डॉक्टरांनी आपल्या मोटारीला तसलीच चकती बसवून घेतली. गुलाबी कागद त्यांनाही मिळाला. आणि डॉक्टरांचा ड्रायव्हर म्हणजे मला गाडी शिकवणारा तोच माणूस. मी त्यांना उस्ताद म्हणायचो.

उस्ताद पोखर्णीकडचे, मराठा, पन्नाशीचे. मला शेजारी बसवून स्टिअरिंग हातात द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं तेव्हा त्यांनी दिलं. दुपारी फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवायचे. कुणी बघतंय का म्हणून त्यांनी कधी मान वळवली नाही. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

एक दिवस पेट्रोल पंपावर त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा उतरला होता. "खरं सांग," ते म्हणाले, "तुजी चकती पेट्रोल वाचवती का रं? आमच्या गाडीला काईच फरक न्हाई. डॉक्टर रोज इचारायलेत. काल पेट्रोलच्या झाकणाची किल्ली काढून घेतली."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण माझ्या मनात भलतंच आलं. उस्ताद घाबरलेत. खरं सांगितलं तर उद्या डॉक्टरांपुढे माझं नाव घेतील. डॉक्टर ते आमच्या वकीलसाहेबांना सांगतील. कुलूप परत येईल, आणि आता तर मी खोटं बोललो हेही कळेल. ते मला बोलतं करून अडकवायला आलेत की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. शिवाय उतारावर मी इंजिन बंद करतो हे मी कुठल्या तोंडानं त्यांना सांगणार होतो?

"वाचवती की," मी म्हणालो. "चांगली वाचवती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना काढून टाकलं. कारण कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्या गावाला कळलं. उस्ताद पोखर्णीला भावाकडे निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जीप कार्बोरेटर साफ करायला मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, आणि मला आठवण झाली म्हणून म्हणालो, "चकती जरा संभाळून काढा."

मिस्त्रीनं भिंतीकडे बोट केलं. जुन्या गॅस्केटांच्या जुडग्यात, खिळ्याला, आमची चकती लटकत होती. पात्यांवर धूळ बसली होती.

"वो तो मैं कबका निकाला," तो म्हणाला. "लगाये बाद दूसरे हफ्ते में तू छुट्टी पे था, तेरा साब खुद गाडी लाया ना, खडी खडी बंद पडती बोलके? तबीच निकाला. बोला नै, साब कागद लेके झगडा करता."

म्हणजे माझ्या सीटला कुलूप लागलं तेव्हा इंजिनात चकती नव्हती. कामटीनं चौथा हिस्सा दाखवला तेव्हाही नव्हती. मी चकती खिळ्यावरून काढली, खिशात घातली आणि तसाच साहेबांच्या ऑफिसात गेलो. उस्तादांचं नाव परत यायचं तर मला बोलणं भाग होतं. सगळं सांगितलं. उतार, न्यूट्रल, आवाजाबद्दलचं खोटं, सगळं. चकती त्यांच्या कागदांवर ठेवली. "डॉक्टरांना सांगा साहेब," मी म्हणालो, "त्यांच्या ड्रायव्हरनं काई घेतलं न्हाई."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. साक्षीदाराचं ऐकतात तसं. मग म्हणाले, "म्हंजी चकती नव्हतीच. चकती नसताना पेट्रोल आधी जास्त जायचं आणि मग कमी जाया लागलं. बराबर?"

"बराबर."

"कुलूप लावल्यावर कमी झालं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "झालं गेलं सोडून दे. माणूस चुकतो. सुधारलास ना, मला तेवढं बास हाय." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. न केलेल्या चोरीची माफी मला त्या दिवशी मिळाली. डॉक्टरांकडे ते गेले नाहीत. डॉक्टरांनी दुसरा ड्रायव्हर ठेवलाय, आता कशाला, म्हणाले. मी चकती उचलली आणि बाहेर आलो. पुढे दोन वर्षं मी त्यांचीच जीप चालवली, हेही सांगितलं पाहिजे.

रविवारी विहारात गेलो नाही. पोखर्णीला गेलो. उस्ताद भावाच्या शेतात कापसात खुरपत होते. मला बघून उठले, आधी पाणी दिलं. बांधावर बसून मी सगळं सांगितलं आणि चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ उलटसुलट करून बघितली. ते मला शिव्या देतील अशी माझी तयारी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी पंपावर इचारलं," ते म्हणाले, "तवा का न्हाई सांगितलास?"

"तुमच्यावर शक आला उस्ताद," मी म्हणालो. साहेबांचा तो शब्द माझ्या तोंडून किती सहज निघाला ते मला अजून आठवतं.

उस्तादांनी मान हलवली. "डॉक्टरनं काढलं त्याचं काई न्हाई," ते म्हणाले. "त्यो मालक हाय, त्याला काय म्हाईत. पर तू वाचवती म्हणलास. मी शिकवलेल्या पोराच्या हातात वाचतंय आन् माज्या हातात न्हाई. मला वाटलं, आपलाच हात बिघडला. गावात एका ट्रॅक्टरवाल्यानं बोलावलं होतं चालवाया. मी न्हाई गेलो."

चकती त्यांनी मला परत दिली, खुरपं उचललं आणि सोडलेल्या ओळीला जाऊन बसले.