मामांचं मागे वळून पाहणं

साऱ्या नांदेडात माझ्या थोरल्या मामांइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर मामांना त्याचाही संशय असणार. मोंढ्यात धान्याची खरेदी करण्यात त्यांचा जन्म गेला. पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी ते वरून कधी घालत नाहीत. पोतं आडवं पाडून बुडातून घालतात. "वरचा माल दावायचा असतोय, खालचा इकायचा," असं त्यांचं म्हणणं. पंगतीत बुंदी आली की टोपलं तळापासून ढवळायला लावतात. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा पुढचं दार सोडून मागच्या अंगणातून आत शिरले होते. रस्त्यानं चालताना तर दर शंभर पावलांवर थांबायचे आणि मागे वळून पाहायचे. "मामा, कोण लागलंय पाठीमागे?" म्हणून मी हसायचो. "सांगता येत न्हाई," ते म्हणायचे. चार वर्षं मी ही नक्कल चारचौघांत करून दाखवत होतो.

मग सोनोग्राफीत त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली निघाली. कधीही फुटेल, आणि फुटली तर दवाखाना गाठणंही अवघड. नांदेडच्या रिपोर्टवर भरवसा नाही म्हणून आम्ही लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पोट उघडायचं नाही. जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवायचं. मामांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"खराब काय हाय, ते आधी दावा बाई."

बाईंनी स्क्रीनच त्यांच्याकडे वळवला. "काका, पायांकडे जाणाऱ्या दोन्ही नसा चोंदत आल्यात. नळी जायला वाटच नाही. आधी ती रुंद करावी लागेल, त्यात नस फाटूही शकते. चालताना पोटऱ्या भरून येतात ना?"

"येतात की. शंभर पावलांवर थांबावंच लागतंय."

माझं तोंड एवढंसं झालं. "मामा, सांगायचं नाही का?"

"तू हसून राहिला होतास. म्हटलं, हसू दे." मग त्यांनी पेन मागितलं. "हिनं बुडचा माल आधी दावला," म्हणाले आणि कागद न वाचता सही केली. असं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच केलं.

वाट रुंद झाली, अस्तर बसलं. आता मामा मोंढ्यातून तरातरा चालतात. परवा त्यांच्या जुन्या थांबायच्या जागी सवयीनं माझेच पाय थांबले. मामा बरेच पुढे गेले होते. मी नाही असं पाहून वळले आणि तिथूनच ओरडले, "काय रे, कोण लागलंय पाठीमागं?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. ते पोटभर हसले. मला काही हसता आलं नाही.