भावोजींचे दोन कॅमेरे आणि ताईचे दोन दात

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. आत अडकलेल्या माणसांशी बाहेरून गप्पा मारत त्यांना धीर द्यायचा, हे रोजचं काम, त्यामुळे बोलायची सवय दांडगी. घरी आले की ती सवय कॅमेऱ्यांवर निघते. जुने, रोल घालायचे दोन कॅमेरे आहेत त्यांच्याकडे, आणि त्यातला चांगला कुठला यावर त्यांनी आमचं जे डोकं खाल्लंय त्याला तोड नाही. वर भांडायला दुसरं कुणी लागतच नाही, दोन्ही बाजू तेच मांडतात.

मोठा तो एसएलआर. त्याच्या आत आरसा असतो, म्हणून लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. लांबचं ओढणारी लेन्स लावा नाहीतर मुंगीचे पाय टिपणारी, नेम चुकायचा नाही. पण वजन विटेएवढं, आणि बटण दाबलं की आरसा उडून खटॅक! धाकटा तो रेंजफाइंडर. खिशात मावतो, आवाज जेमतेम. त्याची बघायची खिडकी मात्र कोपऱ्यात, लेन्समधलं तिच्यात दिसत नाही. खिडकीत एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात, लेन्स फिरवून ती एकावर एक बसवली की फोकस झाला. "रोजच्या फोटोंना हाच बरा," असं भावोजी सांगणार आणि घराबाहेर पडताना गळ्यात अडकवणार एसएलआर. काय बोलायचं?

मीही ऐकून सोडून देत होते, ताईच्या दातांचा विषय निघेपर्यंत.

ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, भावोजींच्या बायकोच्या, पुढच्या दोन दातांत चांगली ऐसपैस फट. शाळेत तिला 'फाटक' म्हणायचे. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती ओठ शिवून टाकते. मी शिवणकाम करते, पण इतकी पक्की शिवण मला नाही जमत. आता ते दात हलायला लागले होते. बुधवारी डॉक्टर ते काढून तिथे सरळ, बिनफटीचे बसवणार होते. ताई खूश. भावोजींचं मात्र तोंड पडलं.

"एवढ्या वर्षांत तिचा हसतानाचा एक फोटो नाही गं माझ्याकडे," ते मला म्हणाले. "बुधवारनंतर ते हसू गेलंच."

"मग ती वीट खाली ठेवा आधी!" मी म्हटलं. "ते धूड धरलं की तुमचं अख्खं तोंड गायब. तिने हसायचं कुणाकडे बघून? लेन्सकडे? धाकटा घ्या, निम्मं तोंड तरी दिसेल."

रविवारी ताई पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होती. भावोजी समोर स्टुलावर, रेंजफाइंडर डोळ्याला, दुसरा डोळा मिटलेला, जीभ दातांत. ताईने नेहमीसारखे ओठ मिटले, नीट बघितलं, आणि फिस्सकन हसली. टिक. आणखी हसली. टिक, टिक. "अश्शी! मिळाला, मिळाला!" भावोजी हवेत. ताई पोट धरून हसतेय, फट लख्ख दिसतेय, आणि माझी नजर कॅमेऱ्याकडे गेली.

लेन्सवर झाकण!

एसएलआर असता तर आत काळोख दिसला असता. इथे खिडकी वेगळी, तिच्यात ताई स्वच्छ. मी बोलणार तेवढ्यात ताईने माझ्याकडे बघून डोळे वटारले. म्हणजे बाईसाहेबांना पहिल्यापासून माहीत होतं! फोटो निघत नाहीये म्हणून तर एवढी बिनधास्त.

पण भावोजी "आता शेवटचा" म्हणाले आणि मला राहवेना.

"अहो भावोजी, झाकण!"

त्यांनी कॅमेरा उलटा करून बघितला. "अख्खा रोल..." एवढंच म्हणाले. तो चेहरा बघून ताईला असं काही हसू फुटलं की हातातली चादर खाली पडली. भावोजींनी झाकण ओढलं आणि टिक.

मंगळवारी फोटो आला. सगळा रोल कोरा, हा एकच. इतक्या जवळून खिडकीला दिसतं एक आणि लेन्सला जरा खालचं, त्यामुळे कपाळाच्या वर ताई नाहीच. एसएलआरने असं केलं नसतं, हे भावोजींनीच सांगून टाकलं. पण हसू होतं, फटीसकट, अगदी पूर्ण.

ताई कितीतरी वेळ फोटो बघत राहिली. "मी अशी हसते?"

"अशीच," भावोजी म्हणाले. "आरशात तू नुसते दात बघतेस. आरशासमोर हसतं कोण?"

ताईने फोटो पर्समध्ये टाकला आणि उठून गेली. मला वाटलं, रागावली.

बुधवारी आम्ही तिघं दवाखान्यात. डॉक्टरांनी नव्या दातांचा नमुना दाखवला, सरळ, एकसारखे. ताईने पर्समधून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"दात नवे बसवा, पण फट हीच पाहिजे मला."

डॉक्टरांनी फोटो उलटसुलट केला. "यात डोकं कुठाय?"

"डोक्याचं माझं मी बघते. तुम्ही दात बघा."

भावोजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर एसएलआर. त्यांनी रुमाल काढला आणि घाईघाईने लेन्स पुसायला लागले.

"आधी डोळे पुसा," मी म्हटलं.