विझणारे ठिपके

नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी निघाली आणि पोलादपूरची ती बंद भातगिरणी आठवली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. डोंगरातली माणसं कशी चालतात, हे टिपायला आमच्या प्रयोगशाळेने तिथे कॅमेरा लावला होता. गणपतीला सगळे घरी गेले, राखणीला उरलो मी. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीत निळे दाणे ठेवायचे, ते ओलीने गुलाबी झाले की शेजारच्या मावशींच्या तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे, हाच माझा सण. एका दुपारी कॅमेरा तपासायचा होता, पण त्याच्यासमोर चालायला माणूस नव्हतं. मग मीच खांद्यांना, गुडघ्यांना उजेड परतवणाऱ्या चकचकीत पट्ट्या चिकटवल्या, अंधाऱ्या गिरणीत कॅमेऱ्याजवळचा दिवा लावला, कॅमेऱ्याला चावी दिली आणि कोंड्याच्या वासात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागलो. तवा न्यायला आलेल्या मावशी दारात थबकल्या. "येकटाच कुठं चाललास रे?" "कुठं नाही, मावशी." "मंग थांब, मी पन येते," म्हणत त्या माझ्या बाजूने चालू लागल्या. फिल्म धुऊन आल्यावर साहेब वैतागले, "वाया घालवलीस!" पट्ट्यांखेरीज काही उमटू नये अशीच ती मांडणी, म्हणून पडद्यावर सगळा काळोख, त्यात फक्त माझ्या पट्ट्यांचे ठिपके चालत होते. मावशी कुठेच दिसत नव्हत्या. पण जिथे त्या आड आल्या, तिथे माझे ठिपके विझत होते आणि पुन्हा उजळत होते. आता संध्याकाळी मी या घरात एकटाच भिंतीपासून भिंतीपर्यंत चालतो, तेव्हा एकही ठिपका विझत नाही.