आढीत ठेवलेला साबण

खोबरेल तेलाच्या साबणाचा वास आला की मला गुहागरची ती दुपार आठवते. मामीने वाडीतल्या नारळांचं वर्षभराचं तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घोटून लाकडी साच्यात ओतलं होतं, आणि आंब्याला लागते तशी ऊब साबणालाही लागत असेल म्हणून तो साचा थेट आंब्यांच्या आढीत, पेंढ्याखाली ठेवला होता. तासाभराने पेंढा उचलला तर पांढरा साबण मधोमध काळपट, जेलीसारखा पारदर्शक झालेला, फुगून तडकलेला. "फुकट गेला गो सगळा," म्हणत तिने पाण्याची कळशी उचलली आणि मी तिचं मनगट घट्ट धरलं. आतलं कॉस्टिक अजून तापलेलं होतं, पाणी पडताच तोंडावर उडालं असतं. "सोड मला, तुझ्या मामाला काय सांगू?" "काय सांगायचं ते नंतर बघू, आधी निवू दे." पेंढा दूर सारून आम्ही तशाच बसलो. तो पारदर्शक डाग कडांपर्यंत पसरला, तिथे थांबला, आणि मग कडेकडूनच हळूहळू पांढरा होत आत आला. मामी एवढंच म्हणाली, "आता तरी सोड, हाताला मुंग्या आल्या." साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, ऊब मिळाली की हे रेणू थरांत राहूनच सैल होतात आणि निवले की पुन्हा घट्ट बसतात, हे मी आता कॉलेजात शिकवते. पण सूक्ष्मदर्शकाखाली तापवलेला नमुना निवेपर्यंत माझ्या एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं असतं.