स्टेशनचा चुना

पालमच्या बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्यानं तळहातावर तंबाखूत चुना मळला आणि त्या वासासरशी मला आबा दिसले.

आबा म्हणजे माझे वडील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी गंगाखेड स्टेशनच्या भिंतीवरून फौजभरतीचं उर्दू पोस्टर सोलून आणलं आणि पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. "स्टेशनचं कुठलं, कॅलेंडर हाय ते," म्हणत गाव त्यांना वर्षानुवर्षं हसलं.

मग आबांच्या म्हातारपणी औरंगाबादहून जुन्या पोस्टरांचे एक जाणकार आले. अंगणात गाव जमलं. त्यांनी ओल्या फडक्यानं कागद भिजवला, तसा चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास उठला. पोस्टर अलगद सुटलं. भिंगातून बघत ते म्हणाले, "छपाई त्याच काळातली आहे." मग त्यांनी कागद उलटला. पाठीवर पिवळसर चुन्याचे पापुद्रे होते. "आणि हे भिंतीवरच लावलेलं होतं."

आबांनी नखानं एक पापुद्रा खरवडला आणि तंबाखूत मळला. पुरावा वाया चालला म्हणून तेव्हा माझा जीव खालीवर झाला. आज वाटतं, त्याचा याहून चांगला उपयोग नव्हता.

आबांनी तळहात गावापुढं धरला. "घ्या की. स्टेशनचाच हाय."

एकेकानं चिमूट उचलली.