शिडीवरचा अंगठा

कारकुनाने मतपत्रिका वर धरली आणि शेठचा भाचा हसला. "आणखी एक. ह्यांच्या हातात शिक्का दिला तरी हे अंगठाच लावणार. आणि म्हणे ह्यांना आमदार निवडायचाय."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. दारातला पोलीससुद्धा. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून सांगायला जड जाईल.

बासष्ट साल. पालघरला कचेरीत विधानसभेची मोजणी चालली होती. मी आमच्या उमेदवाराचा प्रतिनिधी. मासवणकडचा वारल्याचा पोर, सातवी पास, सदरा मागून आणलेला. शेठच्या उमेदवारातर्फे हा भाचा बसला होता. शेठ गवताचा व्यापारी, आमच्या पाड्याची सगळी जमीन त्याच्या नावावर.

पेटी आमच्याच गावची फुटली होती. बाद मतांचा गठ्ठा वाढत होता, आणि त्यात बहुतेक अंगठे. जांभळे, फराटलेले, पण बरोबर आमच्या निशाणीवर, शिडीच्या चित्रावर.

चूक माझी होती. आधीच्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चित्र. कागद घ्यायचा, आपल्या चित्राच्या पेटीत टाकायचा. झालं. या वेळी पेटी एकच, चित्रं कागदावर, आणि आडोशाला रबरी शिक्का. पत्रकं मी लिहिली. 'शिडीवर खूण करा.' पाड्यापाड्यावर घसा फोडून वाचली. शिक्का कसा असतो ते एकदाही दाखवलं नाही. सुचलंच नाही. ज्यांनी जन्मभर शेठच्या आणि फॉरेस्टवाल्याच्या कागदावर एकच खूण केली, ते दुसरी कुठली करणार? शिक्क्यासाठी शाईची गादी समोर होतीच. अंगठा टेकवला, शिडीवर उठवला. मनापासून.

मग तो अंगठा आला. मधोमध आडवी पांढरी रेघ. गवत कापताना विळ्याने चिरलेला.

माझ्या बाचा.

हसू तोंडातच राहिलं. कुळकायद्याने आमचा तुकडा बाच्या नावावर व्हायचा होता. शेठने कागद करून ठेवला होता, की बा राजीखुशीने जमीन सोडतो. खाली फक्त अंगठा हवा होता. मतदानाआधी त्याने बाला बोलावून सांगितलं, माझ्या माणसाला मत दे, कागद फाडून टाकतो. बा "व्हय शेठ" म्हणून आला. मीच त्याला शपथेवर सांगितलं होतं, मत कुणाला दिलं ते कुणाला कळत नाही. तू शिडीलाच दे.

भाच्याचं हसणं थांबलं होतं. तो वाकून बघत होता.

"ही रेघ मी कुठंतरी पाहिलीय. काय रे, तुमच्याच पाड्यावरचा दिसतो. कुणाचा?"

अधिकारी त्याच्यावर खेकसला, असलं काही इथं विचारायचं नाही. मत बाद. कागद गठ्ठ्यात गेला. मला गप्प बसता आलं असतं. पण भाचा माझ्याकडेच बघत होता आणि मी घाबरलो होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो. "असल्या अडाण्यांचा काय नेम."

हे मी माझ्या बापाला म्हणालो. त्याच्या मताच्या तोंडावर.

आम्ही हरलो. घरी जाताना मागून सायकल वाजली तरी मी रस्ता सोडून झुडपात शिरत होतो.

बा अंगणात विळ्याला धार लावत होता. मी सांगितलं. त्याने अंगठा मुठीत लपवला.

"शेठला दिसला?"

"भाच्याला."

त्याने विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "माजा धरला का नाय?"

"नाय. बाद झाला. मोजला नाय."

"शेठच्या कागदावर मोजतात," बा म्हणाला. "तितं कदी बाद नाय झाला."

तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा आला. हातात कागद आणि शाईची डबी. एकच शब्द बोलला, "दे." बाचा हात पुढे जात होता. सवयीने. मी त्याचं मनगट धरलं.

"हा अंगठा तुमच्या मोजणीत चालला नाही," मी म्हणालो. "इथंही चालणार नाही."

"म्हणजे तो तुझ्या बापाचाच होता."

"हो. माझ्या बापाचा."

"राहायचंय ना इथं तुम्हाला?" एवढं विचारून तो गेला. कागद अंगठ्याविना राहिला.

भीती गेलेली नाही. कुत्रं भुंकलं की आई आधी चूल विझवते, मग दाराशी जाते. जवळचे लोक सांगतात, पोरा, मुंबईला जा. मी जाणार नाही. पांगाऱ्याच्या लाकडाचा शिक्का कोरलाय, तो घेऊन पाड्यापाड्यावर फिरतो. प्रत्येकाच्या हातात देतो, शिडीवर मारून घेतो, पुन्हा मारून घेतो. बाने पहिला मारला. तिरका, पण स्पष्ट.

आणि दुसरं एक शिकवतो. कोरा असो, लिहिलेला असो, शेठच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. ज्याला आमच्या पाड्याचा अंगठा हवा असेल त्याने आधी त्या मनगटावरचा माझा हात काढावा. तो मी काढणार नाही.