खाऱ्या खड्ड्यातलं बाबाई

ताओनिबा मामी सहसा चिडायची नाही. त्या दिवशी मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, साऱ्या गावाच्या बैठकीत ती चिडली. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

तेवीस वर्षांपूर्वी आमच्या बेटावर मोठ्या भरतीचं समुद्राचं पाणी गावात शिरलं. आमचं बाबाई, म्हणजे पुरुषभर उंचीचं अळू, गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यांत वाढतं. ते सगळे खड्डे खारे झाले, कंद सडले. लोक बोटीने येणाऱ्या तांदळावर जगू लागले. मामी मात्र बेटभर पायी हिंडली. कुठे एखादं झाड तगलेलं दिसलं की त्याच्या बुडाशी फुटलेला मुनवा मागून आणायची. असे एकतीस मुनवे तिने आपल्या खड्ड्याच्या सर्वांत खाऱ्या कडेला लावले. प्रत्येकाभोवती पानांची टोपली विणून त्यात पालापाचोळा, काळी माती भरली. पानं करपली की झाड उपटायचं. सहा वर्षांनी एकच जात उरली, तांबूस देठाची. तिचे मुनवे मामीने घरोघर वाटले.

मग परदेशातल्या एका संशोधन संस्थेचे डॉक्टर वेल्डन आले. बाबाईची विद्या आमच्यात घराबाहेर सांगत नाहीत. मामीने ती सांगितली, मुनवेही दिले.

तीन वर्षांनी ते पुन्हा आले, तेव्हा मनेआबात ती बैठक भरली. शेतीखात्यातली बेरेती त्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगत होती. या झाडाच्या एका जनुकात बारीकसा बदल आहे. त्यामुळे मुळं मीठ अडवून धरतात, पानांपर्यंत पोचू देत नाहीत. मामीचा चेहरा खुलला. पुढे मात्र बेरेती अडखळली. वेल्डननी छापलेल्या लेखात लिहिलं होतं, ही जात बेटावर आपोआप वाढलेली सापडली. तिला संस्थेचा क्रमांक दिला होता.

"आपोआप?" मामी म्हणाली. मनेआबात बोलायचा मान म्हाताऱ्या पुरुषांचा, पण तिला कुणी थांबवलं नाही. "बेरेती, विचार गं त्यांना. एकतिसातली तीस झाडं काय वाऱ्याने उपटली?"

वेल्डन समजुतीच्या सुरात म्हणाले, "बदल निसर्गाने केला. तुम्ही फक्त निवड केलीत."

"फक्त! मग निवडणाऱ्या बाईचं नाव लिहायला किती शाई लागली असती?"

लेख छापून झाला होता, असं ते म्हणाले. वर आणखी चाळीस मुनवे मागितले. सर्वांत वडील किराता आजोबांनी सांगितलं, "नाव छापून आणा, मग मुनवे न्या." वेल्डन रिकाम्या हाताने गेले.

आठ महिन्यांनी पत्र आलं. लेखाच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ वाढवली होती: स्थानिक रहिवाशांचे आभार. रहिवाशांचे! बेरेतीला ती वाचून दाखवताना लाज वाटली, ज्यांनी लिहिली त्यांना नाही.

मामीने पत्र परत दिलं. त्याच आठवड्यात शेजारच्या बेटावरून तीन बायका आल्या; त्यांचेही खड्डे खारावले होते. मामीने मुनवे काढून दिले, टोपली विणून दाखवली, त्यांच्याकडून पुन्हा विणून घेतली.

निघताना एकीने जातीचं नाव विचारलं.

"ताओनिबा," मामी म्हणाली. "आणि क्रमांक सांगत कुणी आलं, तर त्याला खड्ड्यात उतरू देऊ नका."